मेसची किल्ली

मी जुबैलला गंज तपासायला असतो.
टाकीच्या रंगावरून तारेचा ब्रश फिरवायचा
आणि यंत्र कुठं टीं करतं ते ऐकायचं.
रंगात सुईएवढं भोक राहिलं की टीं.
त्या भोकाला इथं हॉलिडे म्हणतात,
का, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही,
खाऱ्या हवेला मात्र बरोब्बर सापडतं.

हे अशासाठी सांगतोय, की विश्राम आंब्रेला
मेसच्या सेक्रेटरीपदावरून काढला
तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो होतो.
माणूस वाईट नव्हता. पण मटणाच्या शुक्रवारी
नळी हमखास त्याच्याच ताटात निघायची,
आणि तांदळाच्या हिशेबात दर महिन्याला
एक गोण उंदीर खायचे.
उंदीर! जिथं दुपारच्या पत्र्यावर
पालसुद्धा पाय ठेवत नाही.
हात वर झाले. एकशे चाळीस. मीच मोजले.
मग मागून कुणीतरी म्हणालं, आता तूच हो.

पहिला महिना मी पातेल्याच्या तळाचं खाल्लं.
खरंच. विचारा कुणालाही.
दुसऱ्या महिन्यात आचारी म्हणाला,
साहेब, तुमचं झाकून ठेवलंय.
मी नको नको म्हणालो, आणि जेवलो.
मग एसीखालची खाट रिकामी झाली.
मी मागितली नव्हती, कुणी दिलीही नव्हती.
माझी पेटी तिथं चालत गेली असावी.
साहेब हा शब्द मात्र नीट आठवतो,
कानात कोमट तेल सोडावं तसा
आत उतरत गेलेला.

सुजित भुवड, गुहागरचा, नवा पोरगा.
ताट हातात घेऊन सगळ्यांदेखत म्हणाला,
काका, जुलैची मसूर कुठं गेली?
मी म्हणालो, काल आलास, तुला काय कळतं?
म्हणालो, आणि जीभ तिथंच थांबली.
हे वाक्य माझं नव्हतं. विश्रामचं होतं.
शब्दाला शब्द, मला उद्देशून, याच दारात.

त्या रात्री सुजितच्या ताटात भात कमी पडला.
मी आचाऱ्याला काही सांगितलं नव्हतं.
सांगावं लागत नाही,
हे मला तेव्हा कळलं.

पलीकडच्या ब्लॉकात इस्माईल परकार
अकरा वर्षं मेस सांभाळतो.
संत वगैरे नाही. कॅरममध्ये सोंगटी सरकवतो,
शिव्या तर अशा देतो की आचारी रडतो.
त्याच्या कोठीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला,
शेजारी हिशेबाचा कागद, तेलकट बोटांचे ठसे,
कुणीही यावं, कुलूप काढावं, डाळ मोजावी.
मी विचारलं, भाईजान, एवढा भरवसा लोकांवर?
तो हसला. लोकांवर कशाला?
माझाच मला नाही. पहिल्या वर्षी
चार डबे डालडा मीच खाल्ला. म्हणून खिळा.

रात्रभर मी एसीच्या घरघरीखाली पडून होतो.
लोखंड गंजेल का, असं आमच्या धंद्यात
कुणी विचारतच नाही.
किती दिवसांत, एवढंच विचारतात,
आणि ब्रश घेऊन कोण येणार ते.
हे मला पंधरा वर्षं पाठ आहे.
फक्त आजवर
मी ब्रशच्या मुठीकडच्या बाजूला होतो.
लोखंडाला विचारलं नव्हतं
टोचतो का म्हणून.

टोचतो.
सुजित आता रोज दारात उभा असतो,
काही बोलत नाही, गोणी मोजतो,
आणि मला त्याचा राग येतो,
पोटातून, अगदी खरा.
तो बरोबर आहे म्हणून जास्तच.

खिळा मी ठोकलाय. दाराबाहेर, खांद्याच्या उंचीवर.
प्लायवूड आहे, पहिल्याच घावाला आत गेला.
कागदही लावलाय. वरती तारीख घातलीये.
किल्ली अजून खिशात आहे.
उद्या शुक्रवार.
आचारी मघाशीच विचारून गेला,
साहेब, नळी काढून ठेवू?